जखमा पिकणं खरंच कमी झालं का? शस्त्रक्रिया विभागातली सुधारणा तपासायची कशी

प्रश्न थोडक्यात असा: १५० खाटांच्या रुग्णालयात जुलैपासून ऑपरेशन थिएटरमध्ये तीन गोष्टी सुरू केल्या. जागतिक आरोग्य संघटनेची सर्जिकल सेफ्टी चेकलिस्ट (ऑपरेशनच्या तीन टप्प्यांवर थांबून मोठ्याने तपासायची यादी), चीर देण्याआधी ६० मिनिटांच्या आत अँटिबायोटिक, आणि केस काढायला वस्तऱ्याऐवजी क्लिपर. जानेवारी ते जून २४० ऑपरेशनांत १९ जखमा पिकल्या होत्या (७.९ टक्के). जुलै ते डिसेंबर २५० ऑपरेशनांत ९ पिकल्या (३.६ टक्के). व्यवस्थापनाला हे यश म्हणून मांडायचं आहे. मांडावं का?

एवढ्या आकड्यांवर मांडू नका. फायदा झालाच नाही असं यातून निघत नाही, पण झाला असंही म्हणता येत नाही. दोन दरांची तुलना करणाऱ्या साध्या काय-स्क्वेअर चाचणीत पी ०.०४ येतो (पी म्हणजे खरा फरक नसताना एवढी किंवा याहून मोठी तफावत योगायोगाने दिसण्याची शक्यता; ०.०५ च्या खाली आला तर फरक खरा धरायची प्रथा आहे). लहान आकड्यांसाठीची सावध अशी येट्सची दुरुस्ती लावली की तोच ०.०६ होतो. म्हणजे संगणकावर कोणतं बटण दाबलं यावर ‘यश’ ठरणार. त्याहून नाजूक गोष्ट पुढे आहे. डिस्चार्ज झालेल्यांपैकी फक्त दोघांनी गावातल्या डॉक्टरकडे जाऊन पू काढून घेतला असेल आणि ते तुम्हाला कळलं नसेल, तर ९ चे ११ होतात, दर ४.४ टक्के होतो आणि पी ०.१० वर जातो. हा निकाल दोन न केलेल्या फोनवर टांगलेला आहे.

म्हणून संख्याशास्त्राकडे वळण्याआधी मोजणी तपासा. सुधारणेचे बहुतेक दावे तिथेच कोसळतात.

‘जखम पिकली’ कशाला म्हटलं? अमेरिकेच्या सीडीसीची (रोगनियंत्रणाच्या सरकारी संस्थेची) व्याख्या बहुतेक ठिकाणी वापरतात: ऑपरेशनपासून ३० दिवसांच्या आत, आणि सांधेरोपणासारख्या ठरावीक ऑपरेशनांत खोलवरच्या संसर्गासाठी ९० दिवसांच्या आत. वरवरचा, खोल आणि अवयव किंवा पोकळीतला असे तिचे तीन प्रकार. वरवरच्या प्रकारात जखमेतून पू येणं, निर्जंतुक पद्धतीने घेतलेल्या नमुन्यात जंतू सापडणं, लक्षणं असताना सर्जनने मुद्दाम जखम उघडणं, किंवा सर्जनने तसं निदान करणं, यांपैकी एक पुरतं. नुसता टाक्याभोवतीचा फोड धरत नाहीत, नुसती लाली आणि सूजही धरत नाहीत. आता जानेवारीत ड्रेसिंग रूमच्या सिस्टरने प्रत्येक ओली जखम लिहिली असेल आणि ऑगस्टनंतर ‘हा सेरोमा (जखमेत साचलेलं साधं पाणी) आहे, संसर्ग नाही’ असं सर्जन सांगू लागले असतील, तर दर आपोआप उतरतो. यात लबाडी असतेच असं नाही. प्रकल्प सुरू झाला की सगळेच व्याख्येबद्दल जागरूक होतात, आणि ती जागरूकता एकाच बाजूला झुकते.

उपाय सोपा आहे. संसर्ग ठरवणारा माणूस ऑपरेशन करणारा नसावा. शंकास्पद केसेसचे कागद तारखा झाकून दोघांना वेगवेगळे वाचायला द्यावेत. दोघांचं जमलं नाही तर तिसऱ्याने ठरवावं. वर्षाला अशा पंचवीस-तीस केसेस असतील, दोन दुपारींचं काम आहे.

आता डिस्चार्जनंतरचं. जखम साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी बोलायला लागते आणि रुग्ण तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी गेलेला असतो. खाटांची टंचाई किंवा पॅकेजचा हिशेब यामुळे मुक्काम पाच दिवसांवरून तीनवर आला असेल, तर वॉर्डात दिसणारे संसर्ग घटतीलच. म्हणून चौदाव्या आणि तिसाव्या दिवशी फोन हवा, आणि प्रश्न ठरलेले हवेत: जखमेतून पू किंवा घाण पाणी आलं का, टाका मोकळा करावा लागला का, नवीन अँटिबायोटिक सुरू झाली का, दुसऱ्या कुठल्या डॉक्टरला दाखवलं का. ‘सगळं बरं आहे ना?’ असं विचारलं की उत्तर ‘हो’ येतं. किती जणांशी बोलणं झालं हा आकडा संसर्गाच्या आकड्याशेजारी छापा. २५० पैकी ९० टक्के गाठले असतील तर ९ ला अर्थ आहे. निम्मेच गाठले असतील तर तो ९ म्हणजे ‘किमान ९’.

यात एक खोच आहे. जानेवारी ते जून फोन होत नव्हते, म्हणजे नवी पद्धत लावली की संसर्ग जास्त सापडणार आणि सुधारणा झालेली असूनही दर चढलेला दिसणार. जुनी आणि नवी पद्धत निदान तीन महिने शेजारी-शेजारी चालवा. जुन्या पद्धतीने किती सापडले, नव्याने किती, हे गुणोत्तर हातात आलं की जुन्या सहा महिन्यांशी तुलना जुन्याच पद्धतीने करता येते आणि पुढची मोजणी नव्याने. जुने १९ सुद्धा पुन्हा मोजून घ्या. प्रयोगशाळेतलं पू-कल्चरचं रजिस्टर, ड्रेसिंग रूमचं रजिस्टर, ३० दिवसांत पुन्हा भरती झालेल्यांची यादी, आणि फार्मसीत ज्यांची अँटिबायोटिक पाच दिवसांपलीकडे गेली ते रुग्ण, या चार ठिकाणी नावं जुळवून पाहा. १९ चे २४ झाले तर आश्चर्य नको. छेद, म्हणजे ज्याने भागता तो ऑपरेशनांचा एकूण आकडा, तोही तपासा: २४० आणि २५० हे ओटी (ऑपरेशन थिएटर) रजिस्टरमधून आलेत की बिलिंगमधून? बिलिंगमध्ये एकाच रुग्णाची दोन पॅकेजेस दोन ऑपरेशनं म्हणून मोजली जातात, आणि इमर्जन्सी केसेस कधी कधी भलत्याच विभागाच्या नावावर पडतात.

मोजणीचा प्रश्न सुटला की रुग्णांची सरमिसळ. हर्निया आणि फुटलेलं आतडं एकाच छेदात टाकून काढलेला दर हा मुख्यतः त्या अर्धवर्षात कोण आलं याचा दर असतो. समजा ऑपरेशनच्या जागी आधीच किती जंतू असतात यावरून केलेली जानेवारी ते जूनची विभागणी (हर्निया स्वच्छ, फुटलेलं आतडं घाण, स्वच्छ-दूषित मधलं) अशी निघाली: स्वच्छ ऑपरेशनं १००, त्यांत संसर्ग २, स्वच्छ-दूषित ९०, त्यांत ७, दूषित आणि घाण ५०, त्यांत १०. एकूण २४० आणि १९. जुलैनंतर हर्नियाची शिबिरं वाढली आणि विभागणी १५०, ७५ आणि २५ झाली. जुनेच दर लावले, म्हणजे काहीही सुधारलं नाही असं धरलं, तर अपेक्षित संसर्ग ३ अधिक ५.८ अधिक ५, म्हणजे १३.८. दर ५.५ टक्के. म्हणजे ७.९ वरून ५.५ पर्यंतची घसरण रुग्ण बदलल्यामुळेच झाली असती. उरलेलं श्रेय मागायचं असेल तर प्रत्यक्षातल्या ९ ची तुलना १९ शी न करता १३.८ शी करा. ते गुणोत्तर ०.६५ येतं आणि त्याची ९५ टक्के विश्वास-मर्यादा, म्हणजे खरं गुणोत्तर बहुधा ज्या पट्ट्यात असेल तो, ०.३० ते १.२४. एकाच्या, म्हणजे ‘काहीच बदल नाही’च्या, दोन्ही बाजूंना पसरलेली.

जखमेच्या वर्गासोबत आणखी दोन गोष्टी लिहून ठेवल्या तर सीडीसीचा जुना जोखीम निर्देशांक तयार होतो: एएसए वर्ग (भूलतज्ज्ञ रुग्णाच्या एकूण प्रकृतीला देतात तो) ३ किंवा जास्त असेल तर १ गुण, जखम दूषित किंवा घाण असेल तर १, आणि ऑपरेशन त्या प्रकाराच्या नेहमीच्या वेळेपेक्षा (तशा ऑपरेशनांपैकी ७५ टक्के ज्या वेळेत संपतात त्यापेक्षा) लांबलं तर १. शून्य ते तीन. यासाठी सॉफ्टवेअर लागत नाही, भुलीच्या कागदावर तिन्ही गोष्टी असतात. फक्त जखमेचा वर्ग ऑपरेशन संपल्यावर लगेच लिहायला हवा. महिन्याने केस पेपर वाचून ठरवलेला वर्ग, पिकलेल्या जखमांसाठी, हमखास एक पायरी वर चढलेला असतो.

मग योगायोग. महिन्याला ४० ऑपरेशनं आणि खरा, न बदलणारा दर ५ टक्के धरा. सरासरी महिन्याला दोन संसर्ग. पण एकही संसर्ग नाही असा महिना निव्वळ योगायोगाने साधारण आठात एकदा येतो, आणि चार किंवा जास्त संसर्गांचा महिनाही साधारण सातात एकदा. म्हणजे मेमध्ये १० टक्के आणि जूनमध्ये शून्य, आणि थिएटरमध्ये काडीचाही बदल नाही, हे सहज घडू शकतं. मासिक बैठकीत लाल आणि हिरवे बाण दाखवणारे तक्ते मला म्हणूनच निरुपयोगी वाटतात. मागच्या महिन्याशी तुलना करून ते योगायोगाच्या चढउतारालाच बातमी बनवतात.

त्याऐवजी नियंत्रण तक्ता काढा: महिन्यांचे दर एका आलेखावर, आणि योगायोगाने ते कुठवर हलू शकतात त्याच्या मर्यादा. मध्यरेषा म्हणजे सरासरी प्रमाण. मर्यादा काढायला सरासरीला एकमधून वजा केलेल्या सरासरीने गुणा, त्या महिन्याच्या ऑपरेशनांनी भागा, वर्गमूळ घ्या, तीनने गुणा, आणि मध्यरेषेत मिळवा व वजा करा. ५ टक्के आणि ४० ऑपरेशनांसाठी वरची मर्यादा १५.३ टक्के येते. म्हणजे महिन्यात ६ संसर्ग झाले तरी तक्ता गप्प, ७ झाले की इशारा. खालची मर्यादा शून्याच्या खाली जाते, म्हणून शून्याचा महिना कधीच ‘सिद्ध सुधारणा’ ठरत नाही. लहान रुग्णालयात सुधारणेची खूण वेगळी असते: सलग ८ महिने मध्यरेषेच्या खाली. मध्यरेषा प्रकल्पाआधीच्या महिन्यांवरून काढून गोठवायची. नव्या महिन्यांसह ती पुन्हा पुन्हा काढली की सुधारणा स्वतःच रेषेला खाली ओढते आणि दिसेनाशी होते. निदान १२ जुने महिने हवेत, २४ मिळाले तर उत्तम.

संसर्ग फारच विरळ असतील तर महिने सोडा आणि दोन संसर्गांमध्ये किती स्वच्छ केसेस गेल्या ते मोजा. ५ टक्के दर असताना दिलेल्या कुठल्याही ६० सलग केसेस स्वच्छ जाण्याची शक्यता साधारण वीसात एक. १०० जाण्याची साधारण १७० मध्ये एक. तिथे कान टवकारायला हरकत नाही. आणि ‘गेल्या ८० गुडघ्यांत एकही संसर्ग नाही’ असं कुणी म्हणालं तर शून्य घटनांसाठीचा ढोबळ नियम लावा, तीनला ८० ने भागा: खरा दर ३.७५ टक्क्यांपर्यंत असू शकतो.

किती रुग्ण लागतील याचा अंदाज आधीच असू द्या. ८० टक्के ताकद (खरा फरक असेल तर तो पकडण्याची शक्यता) आणि नेहमीची ५ टक्क्यांची पातळी (पी ०.०५ ची सीमा) धरली तर ८ टक्क्यांवरून ४ वर घसरण पकडायला प्रत्येक बाजूला सुमारे ५५० रुग्ण लागतात. १० वरून ७ साठी सुमारे १,३५०. मृत्यू १.५ वरून ०.८ वर आले हे दाखवायला प्रत्येक बाजूला ३,६०० च्या पुढे. वर्षाला ५०० ऑपरेशनं करणाऱ्या रुग्णालयाला यातलं शेवटचं गणित सोडवायला पंधरा वर्षं जातील. तिथे प्रत्येक मृत्यूची चर्चा जरूर करा, पण मृत्युदराला प्रकल्पाचं मोजमाप करू नका.

आता सगळ्यांत अवघड भाग: काहीच केलं नसतं तर काय झालं असतं?

पहिली शंका अशी की प्रकल्प जुलैतच का सुरू झाला? बहुधा मे-जून वाईट गेले, कुणीतरी वरिष्ठ चिडले, समिती बसली. वाईट महिन्यांनंतर साधे महिने येतातच. ज्या महिन्यांनी प्रकल्पाला जन्म दिला तेच महिने ‘आधीचे’ म्हणून मोजले तर सुधारणा फुकटात मिळते. दोन वर्षं मागे जा आणि सहा महिन्यांचा दर तिथे बसतो का ते पाहा.

दुसरी शंका काळाच्या ओघाची. या बाबतीत शस्त्रक्रियेच्या चेकलिस्टचा इतिहास सगळ्यांनी वाचण्यासारखा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या चेकलिस्टचा पहिला मोठा अभ्यास २००९ च्या जानेवारीत आला. आठ शहरांतली आठ रुग्णालयं, त्यांत नवी दिल्लीही. आधी ३,७३३ रुग्ण, नंतर ३,९५५. मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर. जगभर चेकलिस्ट पोचली ती या आकड्यांवर. पण तुलना त्याच रुग्णालयांच्या आधी-नंतरची होती, शेजारी चेकलिस्ट नसलेला गट नव्हता. शिवाय सुरक्षेची ठरवलेली सहाही कामं पूर्ण होण्याचं प्रमाण ३४ वरून ५७ टक्क्यांपर्यंतच गेलं होतं. एवढ्या फरकाने मृत्यू जवळपास निम्मे कसे झाले, हा प्रश्न रास्त आहे.

मग कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सरकारने चेकलिस्टच्या पालनाची आकडेवारी जाहीर करणं सक्तीचं केलं. १०१ रुग्णालयांतले आधीचे आणि नंतरचे तीन-तीन महिने, दोन्ही बाजूंना लाखाच्या वर ऑपरेशनं, निकाल २०१४ मध्ये प्रसिद्ध. मृत्यू ०.७१ वरून ०.६५ टक्के, गुंतागुंती ३.८६ वरून ३.८२. फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य. पालन मात्र रुग्णालयांच्या स्वतःच्या अहवालांनुसार जवळपास शंभर टक्के. चेकलिस्ट निकामी ठरली की कागद भरले गेले आणि काम तसंच चाललं? आकडे दोन्ही अर्थांना जागा ठेवतात, कारण ओटीत उभं राहून कुणी पाहिलं नव्हतं.

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायनात शेजारी गट होता. कार्यक्रम पूर्ण करणाऱ्या १४ रुग्णालयांत ३० दिवसांचे मृत्यू २०१० मध्ये ३.३८ टक्के होते, २०१३ मध्ये २.८४ झाले. राज्यातल्या बाकीच्या रुग्णालयांत ३.५० वरून ३.७१. ही तुलना ओंटारिओपेक्षा बोलकी आहे, तरी १४ जणांनी स्वतःहून भाग घेऊन तो शेवटपर्यंत नेला होता. ज्यांच्याकडे हे करायची जिद्द आहे त्यांच्याकडे बाकीचीही बरीच कामं नीट चालत असणार. नेदरलँड्समध्ये २०१० च्या अभ्यासात वॉर्डपासून डिस्चार्जपर्यंतची लांबलचक चेकलिस्ट वापरली. तिथे गुंतागुंती १०० रुग्णांमागे २७.३ वरून १६.७ झाल्या आणि तुलनेच्या रुग्णालयांत तशी घट दिसली नाही. माझा कौल असा: चेकलिस्ट जिथे खरोखर वापरली जाते तिथे ती काम करते, पण ‘निम्मे मृत्यू’ हा आकडा कुणीही आपल्या प्रकल्पाचं लक्ष्य म्हणून लिहू नये.

शेजारी गट नसला की काय होतं याचा नमुना आयसीयूतून घ्या. अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये मध्यवर्ती शिरेतल्या नळीच्या संसर्गाचा मध्यक (सगळे आयसीयू क्रमाने लावले तर मधोमध येणारा) दर हजार नळी-दिवसांमागे २.७ वरून शून्यावर आला आणि २००६ मध्ये हे प्रसिद्ध होताच सगळीकडे त्याची नक्कल झाली. इंग्लंडने तोच कार्यक्रम टप्प्याटप्प्याने राबवला. दर तिथेही ३.७ वरून १.४८ वर आला, पण आयसीयूंच्या ज्या तुकड्यांमध्ये कार्यक्रम अजून पोचायचा होता त्यांतही तो आधीच उतरत होता. तुमच्या १९ आणि ९ ला नेमकी हीच चाचणी लागलेली नाही. अमेरिकन सर्जनांच्या मोठ्या गुणवत्ता-नोंदणी कार्यक्रमाबाबतही तेच. २०१५ च्या एका अभ्यासात सहभागी २६३ रुग्णालयांची ५२६ बाहेरच्या रुग्णालयांशी तुलना केली. निकाल दोन्हीकडे थोडेफार सुधारत होते, नुसत्या सहभागामुळे तीन वर्षांत वेगळा फायदा दिसला नाही. स्वतःचे आकडे कळणं आणि ते बदलता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

लहान रुग्णालयाला शेजारी गट कुठून मिळणार? घरातच. तीन विभाग असतील तर एकाच दिवशी सगळीकडे सुरू करू नका. चिठ्ठी टाकून क्रम ठरवा: समजा जनरल सर्जरी जुलैत, अस्थिरोग ऑक्टोबरमध्ये, स्त्रीरोग जानेवारीत. प्रत्येक विभागाचा आलेख त्याच्या त्याच्या सुरुवातीनंतर वाकला तर तो प्रकल्पाचा पुरावा. सगळ्यांचे एकाच वेळी वाकले तर कारण दुसरं आहे: उपकरणं निर्जंतुक करणारा नवा ऑटोक्लेव्ह, थिएटरच्या एसीची दुरुस्ती, रेसिडेंटांची नवी बॅच, पावसाळा संपणं. अशा घटनांची तारीखवार वही ठेवा, नंतर कुणालाही आठवत नाही. ‘रांगेत उभं राहणाऱ्यांवर अन्याय’ हा आक्षेप येईल, पण सगळीकडे एकदम शिकवायला तुमच्याकडे माणसं नसतातच.

तुमचं जुलैत सगळीकडे सुरू झालं आहे, तेव्हा हा मार्ग पुढच्या बदलासाठी ठेवा. आत्ता दुसरा वापरा: ज्या गोष्टीला प्रकल्पाने हातच लावलेला नाही तिचा दर पाहा. सलाइनच्या जागी शीर सुजणं किंवा कॅथेटरमुळे लघवीचा संसर्ग. तेही त्याच काळात निम्मे झाले असतील, तर एकतर सगळं रुग्णालय सुधारलं किंवा नोंदी ठेवणारी व्यक्ती बदलली. चौकशी करा.

यानंतर प्रश्न येतो की मुळात बदललं काय. ब्रिटनमधल्या पोटाच्या तातडीच्या ऑपरेशनांच्या चाचणीत (निकाल २०१९) ९३ रुग्णालयं आणि १५ हजारांवर रुग्ण होते, काळजीच्या ३७ पायऱ्या होत्या. ९० दिवसांतले मृत्यू दोन्ही गटांत १६ टक्के. बऱ्याच ठिकाणी ३७ पैकी मोजक्याच पायऱ्यांवर काम झालं होतं, ते करणाऱ्या डॉक्टरांना त्यासाठी वेळ आणि हात मिळाले नव्हते. औषध दिलंच नाही आणि गुण आला नाही म्हणून तक्रार केली, असा तो प्रकार.

तुमच्या तीन गोष्टींचा डोस, म्हणजे त्या रुग्णापर्यंत प्रत्यक्षात किती पोचल्या, तो असा मोजा.

अँटिबायोटिकच्या बाबतीत ‘दिली’ ही खूण पुरत नाही, दोन वेळा हव्यात: औषध दिल्याची आणि चीर दिल्याची. सेफाझोलिन हे अँटिबायोटिक असेल तर २ ग्रॅम, वजन १२० किलो किंवा जास्त असेल तर ३ ग्रॅम. ऑपरेशन ४ तासांपुढे गेलं किंवा रक्तस्राव १,५०० मिलिलिटरवर गेला तर पुन्हा डोस. व्हँकोमायसिन हे दुसरं अँटिबायोटिक सावकाश द्यावं लागतं म्हणून त्याला १२० मिनिटांची मुभा. नेहमीचा घोटाळा असा की रुग्णाला ‘कॉल’ आला की वॉर्डातली सिस्टर डोस देते, आधीची केस लांबते, आणि चीर दोन तासांनी पडते. डोस थिएटरमध्ये, भूलतज्ज्ञाच्या हातून गेला की ही गडबड थांबते. वेळा खऱ्या आहेत का हे ओळखायला महिन्याच्या सगळ्या वेळा एका रांगेत लिहा. सगळ्या शून्य किंवा पाचवर संपत असतील आणि प्रत्येक केसमध्ये फरक बरोबर ३० मिनिटांचा असेल, तर फॉर्म दुपारी चहाबरोबर भरलेत.

क्लिपरसाठी स्टोअरची वही बघा. २५० ऑपरेशनांसाठी ४० पाती खर्ची पडली असतील तर वस्तरा अजून वॉर्डातच आहे, बहुधा आदल्या रात्रीच्या शेव्हिंगला.

चेकलिस्टसाठी महिन्याला २० केसेस न सांगता, टीमबाहेरच्या माणसाने उभं राहून बघायच्या. तीन थांबे: भुलीआधी, चिरेआधी, रुग्ण थिएटरबाहेर जाण्याआधी. प्रत्येक थांब्यावर हातातलं काम थांबलं का, मोठ्याने बोललं गेलं का, उत्तर देणाऱ्याने उत्तर दिलं का. तिसरा थांबा सगळीकडे लंगडा असतो, कारण सर्जन तोवर हातमोजे काढून बाहेर पडलेले असतात. कागदावरचे १०० टक्के आणि डोळ्यांनी पाहिलेले टक्के शेजारी ठेवा. तिन्ही गोष्टी एकाच रुग्णाला मिळाल्या का, हेही वेगळं मोजा. प्रत्येकीचं पालन ८० टक्के असेल आणि त्यांचा एकमेकींशी संबंध नसेल, तर तिन्ही मिळालेले रुग्ण निम्मेच, ५१ टक्के, असतात.

हे आकडे आले की एक सोपा ताळा करता येतो. समजा वेळेवर अँटिबायोटिकने धोका निम्मा होतो. पालन ४० टक्क्यांवरून ९० वर गेलं तर एकूण धोका साधारण ३१ टक्क्यांनी घटेल. पण ते आधीच ८५ होतं आणि ९० झालं, तर घट फक्त ४ टक्क्यांची. तुम्ही दाखवता ती घट ५४ टक्क्यांची आहे. एवढं श्रेय द्यायला आधीची अवस्था किती वाईट होती ते दाखवावं लागेल.

साखळी उलट बाजूनेही तुटते. उत्तर प्रदेशात प्रसूतीच्या चेकलिस्टची मोठी चाचणी झाली, १२० आरोग्य केंद्रं, दीड लाखावर माता, निकाल २०१७. दोन महिन्यांनी आवश्यक कृतींचं पालन ७३ टक्के होतं, तुलनेच्या केंद्रांत ४२. वागणूक खरंच बदलली. तरी माता आणि बाळांच्या मृत्यू व गंभीर गुंतागुंतींचं एकत्रित प्रमाण १५.१ आणि १५.३ टक्के, म्हणजे जवळपास सारखंच. म्हणून फक्त पालनाचा आलेख दाखवून टाळ्या घेऊ नयेत.

आणि साधी गोष्ट नीट तपासली तर काय मिळतं तेही पाहा. जखम शिवण्याआधी सगळ्यांनी हातमोजे आणि उपकरणं बदलायची, एवढीच कृती. भारतासह सात देशांतली ८१ रुग्णालयं, कोणत्या रुग्णालयांनी बदलायचं हे सोडतीने ठरलेलं, १३ हजारांवर रुग्ण, ३० दिवस पाठपुरावा. २०२२ चा निकाल: संसर्ग १८.९ ऐवजी १६ टक्के. घट लहान आहे, पण विश्वासार्ह आहे. त्याच सात देशांत आधी झालेल्या चाचणीत महागडे ट्रायक्लोसनयुक्त (जंतुनाशक लावलेले) टाके आणि त्वचा पुसायचं क्लोरहेक्सिडिन यांनी फरक पडला नव्हता. खरेदी समितीसमोर हे दोन निकाल शेजारी ठेवण्यासारखे आहेत.

दुष्परिणामांसाठी दोन-तीन आकडे पुरतात: पहिल्या केसची चीर किती वाजता पडली, दिवसाच्या यादीतून किती केसेस रद्द झाल्या, ३० दिवसांत किती जण परत भरती झाले.

तर व्यवस्थापनाला काय द्यायचं? एकच पान. त्यावर २४ महिन्यांचा तक्ता, जुलैवर उभी रेघ, आणि खाली साध्या भाषेत, वरच्या विभागणीसारखीच तुमची निघाली असं धरून: ‘२५० ऑपरेशनांत ९ संसर्ग. रुग्णांची सरमिसळ धरता अपेक्षित १३.८. गुणोत्तर ०.६५, मर्यादा ०.३० ते १.२४. फोनवर गाठलेले रुग्ण इतके टक्के. वेळेवर अँटिबायोटिक आधी इतकी, आता इतकी. सुधारणेची शक्यता आहे, खात्री पुढच्या डिसेंबरला.’ खात्री म्हणजे काय हे आजच लिहून सही करून ठेवा: सलग ८ महिने रेषेखाली, आणि ९० टक्के रुग्णांचा ३० दिवसांचा पाठपुरावा. निकाल बघून नियम ठरवला की तो निकालाच्या मापाचाच शिवला जातो.

मोजणी डिसेंबरनंतर बंद करू नका, फक्त हलकी करा. उत्तर प्रदेशातल्या त्याच चाचणीत प्रशिक्षक गेल्यानंतर, बाराव्या महिन्यात, पालन ७३ वरून ६२ टक्क्यांवर आलं होतं. तुमच्याकडेही ज्या सिस्टर दररोज मागे लागून हे करून घेतात त्यांची कधीतरी बदली होईल. त्यानंतरचे तीन महिने तक्त्यावर वेगळ्या रंगात काढा.